पुन्नागाच्या जागी

एका राज्यात लाकडाला फार मान होता, आणि लाकूड तोडणाऱ्याला त्याहून बराच कमी. पुढे समुद्र, मागे बारमाही हिरवं रान आणि मधे नगर, असं ते राज्य. रान इतकं दाट की भर वैशाखातही आत शिरणाऱ्याला पाऊल चाचपत टाकावं लागे. त्या रानात पुन्नाग वाढत. साठ हात वर जाईपर्यंत एक फांदी नाही, मग चकचकीत पानांचा घुमट, त्यात पांढरी सुवासिक फुलं. लाकूड तांबूस, चिवट आणि खाऱ्या पाण्याला भीक न घालणारं. म्हणून राज्यातल्या प्रत्येक गलबताची डोलकाठी पुन्नागाची असे. गलबतं वाढत गेली, पुन्नाग आटत गेले, आणि एक दिवस रानात एकच पुन्नाग उरला. हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरा कुणी बोलेल म्हणून कुणीच बोललं नाही.

त्या राज्याची एक रीत होती. ज्याच्या कामासाठी झाड पडेल, त्याने ताज्या खुंटावर चढून उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘तुझ्या जागी मी उभा.’ शेजारी त्याच जातीचं रोप लावायचं. त्याला घातलेलं पाणी जिरलं की मग खाली उतरायचं. नांगरासाठी झाड तोडणारे उभे राहिले होते, पाळण्यासाठी तोडणारे उभे राहिले होते. घटकाभराचं काम, त्यात कुणाचे पाय मोडले नव्हते.

राजाचं नाव शूरपाल. तो वाईट नव्हता हो, पण स्वतः काही करायची त्याला सवयच नव्हती. व्रत तो धरी, उपास राणी करी. आजारी तो पडे, पथ्य मुदपाकखाना पाळी. या राजाने सात शिडांचं जहाज बांधलं आणि त्याला डोलकाठी हवी म्हणून शेवटच्या पुन्नागावर बोट ठेवलं.

कुऱ्हाड चालवली धाकूने. धाकू म्हणजे राज्यातला पहिल्या प्रतीचा लाकूडतोड्या. बोलणं कमी, मान खाली, वीस वर्षं राजाची चाकरी. झाड पडलं तेव्हा जमीन हादरली आणि रानाच्या छताला भोक पडून ऊन थेट खाली आलं. राजा रीतीप्रमाणे खुंटावर चढला. ‘तुझ्या जागी मी उभा,’ असं खणखणीत आवाजात म्हणाला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण रोपच नव्हतं. बी कुणी राखलीच नव्हती, तर रोप येणार कुठून?

राजा थोडा वेळ उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं. पुरोहिताला दया आली, आणि पुरोहितांची दया नेहमी शास्त्रातून येते. तो म्हणाला की राजा हजर नसेल तर त्याच्या पादुका ठेवल्या तरी चालतात, रोप मिळेपर्यंत त्या उभ्या राहतील. पण पादुका रत्नांच्या होत्या आणि रानात माकडं फार. पुरोहिताने इकडेतिकडे पाहिलं. झाडावर कुऱ्हाड घालताना पायात काही ठेवत नाहीत, म्हणून धाकूच्या साध्या खडावा बाजूला काढलेल्या होत्या. पुरोहिताने त्याच उचलून खुंटावर मांडल्या. राजाने विचारलं, कुणाच्या आहेत? मग स्वतःच म्हणाला, कुणाच्या का असेनात. आणि उतरून पालखीत बसला.

धाकू अनवाणी घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो त्या खुंटापाशी आला आणि त्याचे पाय पुढे जाईनात. पाय वळले, खुंटावर चढले, स्वतःच्या खडावांत शिरले आणि तिथेच थांबले. चार माणसांनी ओढलं, बैलजोडीने ओढलं, धाकू काही हलला नाही. तिसऱ्या दिवशी बोटांतून मुळं फुटली. वैद्य आला, त्याने पाहिलं, हा रोग नाही म्हणाला आणि निघून गेला.

धाकूच्या बायकोचं नाव येसू. नवरा दुपारी जेवायला घरी येत नसे, म्हणून वीस वर्षं ती त्याची भाकरी रानात नेत आली होती. आताही नेऊ लागली. साल रोज एक बोटभर वर चढत होती. घोट्यापर्यंत आली तेव्हा येसू राजवाड्यावर गेली. राजाने तिचं म्हणणं पुरोहिताकडून ऐकलं आणि पुरोहिताकडूनच उत्तर दिलं, की विधी यथासांग झालेला आहे.

येसू परत रानात आली आणि खुंटाशेजारी बसून रडली. कुणी बघत नाहीसं पाहून मोठ्याने रडली. तेव्हा पलीकडच्या बेहड्याच्या ढोलीतून आवाज आला, “बाई, रडणं पुरे. माझी पिल्लं झोपली आहेत.”

ती धनेशाची मादी होती. अंडी घालायच्या वेळी ही मादी ढोलीत शिरते, तोंड चिखलाने लिंपून घेते, बारीकशी फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर फटीतून दाणापाणी पुरवतो. ते पक्षी त्या राज्यात बोलत असत. ऐकायला मात्र कुणी थांबत नसे.

मादी म्हणाली, “शब्द राजाने दिला, पाय तुझ्या नवऱ्याचे गुंतले. पुन्नाग पुन्हा रुजला तर पाय सुटतील. त्याला तीन गोष्टी लागतात. बी, सावली आणि जागा. बी माझ्याकडे आहे. सावली माळावरच्या छायांबर मांत्रिकाकडे. जागा राजाकडे. बोलणाऱ्याचीच जागा हवी आणि बोलणाऱ्याचाच हात.”

“आणि साल ओठांच्या वर चढली तर?”

“मग ते झाड होईल. चांगलं झाड होईल, पण तुझा नवरा नसेल.”

येसूने बी मागितली. मादीने नाही म्हटलं. तिचा नर पुन्नागाखाली सापडून मेला होता, ढोलीतला साठा दोन दिवसांपूर्वी संपला होता आणि फटीशी कुणी आलं नव्हतं. “बी आता दिली तर तू उद्या येणार नाहीस,” ती म्हणाली. “पिल्लं उडाली की देईन.” येसूला राग आला. मग तिने विचार केला, पक्षीण खोटं कुठे बोलते आहे? ती उंबरं वेचायला गेली.

चाळीस दिवस येसू त्या बेहड्यावर चढली. वेलाची शिडी केली होती, तळहातांची सालटी निघाली होती. सकाळी उंबरं, दुपारी वडाची फळं, मधल्या वेळेत एखादा सरडा. सरड्यांची तिला आयुष्यभर किळस होती, ती तिने गिळली, सरडे पिल्लांनी गिळले. खाली धाकू उभा असे. आधी तो तिला शिडी नीट बांध म्हणून बजावत असे, मग नुसता बघत असे. भाकरी अर्धीच खाई. एकदा म्हणाला की भूक लागत नाही, पाऊस आला की पोट भरल्यासारखं वाटतं, आणि हे तो आनंदाने म्हणाला. येसूला त्या आनंदाची भीती वाटली. साल कमरेच्या वर आली होती.

एकेचाळिसाव्या दिवशी मादीने लिंपण फोडलं, पिल्लं उडाली. मादीने चोचीतून बी येसूच्या ओंजळीत टाकली. सुपारीएवढी, कठीण. “बरी माणूस आहेस,” असं म्हणून तीही उडून गेली.

धाकूला शेजारणीच्या भरवशावर सोडून येसू माळाकडे निघाली. तीन दिवसांची वाट. माळ पांढरा, दगड पांढरे, त्यावर झाड नाही की झुडूप नाही. मधोमध एक तळघर, आणि त्यात छायांबर मांत्रिक राहत होता. त्याला ऊन सोसत नसे. तळघरात दगडी पेट्या होत्या आणि पेट्यांत घडी घातलेल्या सावल्या, लुगड्यांसारख्या एकावर एक.

तो म्हणाला, “झाड पडलं की लाकूड सगळे नेतात, सावली कुणी नेत नाही. मी नेतो. तुला ओळखून नेता आली तर ने. तीन उघडून पाहा, एक निवड. चुकलीस तर तुझी सावली इथे राहील.” बिनसावलीचं माणूस त्या माळावर तीन दिवसांत वाळून जाई. कोपऱ्यात माणसांच्या सावल्यांचीही एक पेटी होती आणि ती भरलेली होती.

हजारो घड्यांत तीन उघडायच्या! पण येसूने वीस वर्षं घर चालवलं होतं. अलीकडे धुतलेलं वस्त्र पेटीत वरच असतं, हे तिला सांगावं लागलं नाही. पुन्नाग दोन महिन्यांपूर्वी पडला होता. तिने ताज्या पेटीतल्या वरच्या तीन घड्या उचलल्या आणि उन्हात नेल्या. मांत्रिक उंबऱ्याच्या आतून बघत राहिला.

पहिली उघडली, अंथरली, तिच्यात बसून येसू भाकरी खाऊ लागली. सावली गार होती, काळीभोर होती, आतून ऊन मुळीच येत नव्हतं. ती आंब्याची. दुसरी उघडली आणि पुन्हा भाकरी हातात घेतली. उन्हाचा एक ठिपका मनगटावर पडला, हलला, भाकरीवर गेला, तिथूनही सरकला. साठ हात वरची पानं हलली की ठिपके असेच भिरभिरतात. वीस वर्षं त्या ठिपक्यांखाली धाकू जेवला होता आणि येसू समोर बसून त्याच्या मनगटावरचे ठिपके बघत आली होती. तिने भाकरी फडक्यात बांधली. कथेच्या हिशेबाने तिसरीच निघायला हवी होती, पण निघाली दुसरी, त्याला माझा इलाज नाही. तिसरी तिने उघडली नाही.

“ही,” ती म्हणाली. मांत्रिकाने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

बी कनवटीला, सावली खांद्यावर, अशी येसू नगरात आली. सावली ओल्या घोंगडीएवढी जड होती. दरबार भरला होता. खांद्यावर पुन्नागाची सावली घेऊन आलेल्या बाईला द्वारपाल अडवायला विसरले. तिने राजाला सगळं सांगितलं आणि जागा मागितली. पुन्नागाला चहूबाजूंनी चाळीस हात मोकळे लागतात, तेवढी जागा राजाची, आणि खड्डाही राजाच्या हातचा.

राजाच्या बागेत चाळीस हात मोकळी जागा एकच होती, आणि तिथे त्याने आरसेमहाल बांधला होता. आत उभं राहिलं की एका राजाचे हजार राजे दिसत. ती वास्तू राजाला फार प्रिय होती. त्याने उदारपणे चांदीची कुंडी आणवली, माळ्याकडून माती भरवली, आणि बी रोवायला सांगितली. बी क्षणभर मातीत राहिली. मग टुणकन उडी मारून बाहेर पडली आणि येसूच्या पायाशी आली.

दुसऱ्या दिवशी राजाने तटाच्या भिंतीजवळचा वाफा दिला. वाफा छान होता, शेवंती लावायला. बी रोवली, कोंब आला. कोंबाने डोकं वर काढलं, समोर भिंत पाहिली आणि तो परत मातीत गेला. राजा म्हणाला, आता आमच्याकडे आणखी जागा नाही. तो हे मनापासून म्हणाला, कारण आरसेमहाल ही जागा आहे हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

येसूने बी उकरून घेतली आणि रानात गेली. साल धाकूच्या गळ्याशी आली होती. केसांत दोन पानं उगवली होती. तिने हाक मारली. त्याने तिच्याकडे पाहिलं, चांगलं शांतपणे पाहिलं, आणि विचारलं, “बाई, तुम्ही कोण?”

येसू तिथून थेट दरबारात परतली. या वेळी तिने जागा मागितली नाही.

“महाराज, तुम्ही एकदा येऊन त्याला बघा. एवढंच करा.”

पुरोहित म्हणाला की महाराजांच्या वतीने आपण जाऊन पाहू. राजा उठलाही असता आणि बसलाही असता. पण बाईच्या खांद्यावरची सावली सभेत पसरली होती, सगळा दरबार त्या सावलीत गप्प बसला होता, आणि त्या गप्पपणाचा राजाला कंटाळा आला. तो पालखीत बसून निघाला. असं कंटाळून निघाला, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उगाच त्याला मोठेपणा मिळायचा.

रानात भालदाराने ललकारी दिली. धाकूने ती ऐकली. वीस वर्षांची सवय अंगात होती. राजा येतोय म्हटल्यावर तो मुजऱ्याला वाकायला गेला. कमरेतून माणूस वाकतो, पण तिथे आता लाकूड होतं. तरी तो वाकला. साल कडकन फाटली, बेंबीपासून पाठीपर्यंत, आणि आतून तांबडं पाणी वाहू लागलं. ते रक्त होतं की डिंक, कुणाला कळलं नाही. धाकूला दुखलं, त्याचा चेहरा पिळवटला. पण तो आणखी वाकायची खटपट करत राहिला, कारण मुजरा पुरता झाला नव्हता.

येसू धावली आणि तिने त्याला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. मग ती राजाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“माझं नाव विसरला तो, महाराज. मुजरा नाही विसरला.”

राजा पालखीतून उतरला. धाकूच्या पायांजवळ गेला आणि मुळांकडे बघत राहिला. लाज वाटणं ही एक गोष्ट त्याच्या वतीने आजवर कुणी केली नव्हती, म्हणून त्याला तिची ओळख नव्हती. आता ती आली, आणि बरीच आली. तो पालखीत परत चढला नाही. नगरापर्यंत पायी गेला, आणि भोई रिकामी पालखी घेऊन मागून चालले. वाड्यावर पोचल्यावर त्याने एवढंच म्हटलं की आरसेमहाल पाडा, आणि पहिली पहार स्वतः घातली.

महाल पडायला तीन दिवस लागले. साल धाकूच्या हनुवटीवर आली. चौथ्या सकाळी राजाने हाताने खड्डा खणला. त्याला खणता येत नव्हतं, हाताला फोड आले, पण त्याने दुसऱ्याला फावडं दिलं नाही. येसूने बी दिली. बी रुजली, कोंब आला, त्याने चहूकडे पाहिलं आणि तो राहिला. पण तो रानातला कोंब, बागेतल्या उन्हाने तासाभरात मान टाकू लागला. येसूने सावली उलगडली. काठ्या रोवून त्यांवर सावली टाकली तर ती घसरली. सेवकांनी धरली तर त्यांच्या बोटांतून गळून गेली. मग राजाने धरली. त्याच्या हातात ती राहिली.

तसा तो दोन्ही हात वर करून उन्हात उभा राहिला. सकाळी ऊन आलं की उभा, ऊन गेलं की खाली. येसू रानात परतली आणि धाकूसमोर बसली. साल खालच्या ओठाला लागली होती, पण आता मुंगीच्या पावलाने चढत होती. ती रोज त्याला आपलं नाव सांगत होती, लग्नाचं, माहेरचं, सगळं सांगत होती. तो ऐकत होता, निदान तिला तसं वाटत होतं.

सातव्या दिवशी बागेतल्या रोपाला दुसरी पानजोडी फुटली. त्याच वेळी रानात साल तडकली. ओठांवरची गळाली, गळ्यावरची गळाली, छातीवरून पापुद्रे पडले. मुळं आखडत आखडत बोटं झाली. धाकूने पाय उचलला आणि खुंटावरून खाली ठेवला. मग दुसरा ठेवला, आणि पडला. येसूने त्याला धरलं.

“येसू,” तो म्हणाला, “मला भयंकर भूक लागली आहे.”

येसू इतकी रडली की भाकरी सोडायचंही तिला सुचेना. त्यानेच सोडली, आणि चार खाल्ल्या.

घरी जाण्याआधी धाकू म्हणाला, ज्याला पाडलं त्याचं रोप बघून येऊ. दोघं नगरात आली. जिथे महाल होता तिथे उघडी माती होती, मधे वीतभर रोप, आणि त्यावर सावली धरून राजा उभा. कपाळावरून घाम वाहत होता. पुन्नागाला पहिली काही वर्षं सावली लागते. माळ्याने भोवती केळी लावल्या होत्या, त्या उंच होईपर्यंत राजाला सुटका नव्हती. दरबारी लोक झाडांआडून बघत होते. पुरोहिताने दोनदा त्याची जागा घ्यायची तयारी दाखवली होती, आणि दोनदा राजाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

धाकू समोर गेला आणि सवयीने वाकू लागला.

“वाकू नकोस,” राजा म्हणाला. “माझे हात गुंतले आहेत. मला तुझा मुजरा घेता येणार नाही.”

धाकू अर्धवट वाकलेला तसाच थांबला. मग सरळ झाला. राजासमोर सरळ उभं राहून काय करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो नुसता उभा राहिला. जरा वेळाने धाकूने सांगितलं की सावली थोडी पूर्वेला घ्या, सकाळचं ऊन तिकडून येतं. राजाने ती पूर्वेला घेतली.

असा तो शाप उतरला. जहाज आपलं सुखरूप जाऊन आलं, शाप त्याला नव्हताच. केळी वाढल्या, राजा खाली बसला, पुन्नाग मात्र अजून वर चालला आहे. धाकू जेवायला घरी येऊ लागला. त्या राज्यातली ही हकिकत इतकीच, सांगणाऱ्याने सांगितली, ऐकणाऱ्याने ऐकली, आता दोघांनी उठावं आणि आपापल्या पायांनी घरी जावं.